मागचं निळं

उदगीर जिल्हा होणार, मग धंद्याला बरकत येणार, या भरवशावर विरूपाक्षनं स्टुडिओसाठी एक भारी लेन्स घ्यायचं ठरवलं. पंच्याऐंशी एमएमची घ्यावी की मागचं जास्त धूसर करणारी एकशे पस्तीसची, हे काही ठरेना. म्हणून त्यानं ओळखीच्या दुकानदाराकडून दोन्ही मागून आणल्या आणि जळकोटजवळच्या एका गावात सोमलिंगचा स्थळासाठी फोटो काढायला गेला.

दुष्काळाचं साल. सोमलिंगच्या दारासमोरच टँकरची वाट बघत निळ्या घागरींची रांग लागलेली, आणि उजेड बरा होता तोही नेमका तिथंच. विरूपाक्षनं आधी पंच्याऐंशीनं, मग एकशे पस्तीसनं फोटो काढला आणि दोन्ही सोमलिंगच्या आईला, शिवम्माला दाखवले.

"पहिल्यात मागच्या घागरी वळखू यायल्यात," शिवम्मा म्हणाली. "असल्या गावात कोण पोरगी दील? दुसऱ्यात नुसतं निळं निळं हाय. हाच दे."

विरूपाक्षनं एकशे पस्तीसची ठेवून घेतली.

पुढं लग्न झालं. अल्बम द्यायला तो गावात गेला, तर सोमलिंगची नवी बायको घागर घेऊन त्याच रांगेत उभी होती.

"यांच्या फोटोत मागं मला तळं वाटलं होतं," ती म्हणाली.

विरूपाक्षनं अल्बम पुढं केला. तिनं तो उघडलासुद्धा नाही. त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघत राहिली.



"माझाबी तसाच एक काढा, अण्णा. आईला पाठवायचा हाय."