न हलणारी अक्षरं

“ते फोटो काढी टाका,” चारुलता म्हणाली.

हेमकांतला ते चांगलंच झोंबलं. नवरा-बायको दोघंही शहाद्याला वेबसाइट बनवायचे. पण खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांची ही साइट त्याची पहिली, आणि लाडकी. चालत्या गाड्याला खीळ घालायची हिला हौसच भारी!

साइट त्याने आई फुलवंताबाईसाठी केली होती. तिची जिवाभावाची मैत्रीण सरला लग्न होऊन सुरतेला गेली आणि पुढे पत्ताच हरवला. लग्नाआधी म्हसावदला दोघींनी मिळून कानबाईची गाणी रचली होती. ती कुठेतरी सरलाला सापडतील, साइटवर खाली दिलेला नंबर बघून ती फोन करील, एवढीच म्हातारीची आस. तेव्हा मराठी अक्षरं एका कॉम्प्युटरवर नीट दिसत, दुसऱ्यावर त्यांचे नुसते चौकोन होत. म्हणून हेमकांतने प्रत्येक गाण्याचा फोटो करून लावला. “वेलांटीसुद्धा हलायची नाही,” असं तो गिऱ्हाइकांना अजून ऐटीत सांगे. फोन मात्र कधी आला नाही. दर श्रावणात फुलवंताबाई विचारायची आणि हेमकांत दुसरीकडे बघायचा.

चारुलताला वेबचे नवे नियम वाचत बसायची सवय. हेमकांतच्या मते तो रिकामा उद्योग.

“आते लोके फोनले तोंडी इचारतस,” ती म्हणाली. “गानं फोटोमा शे, ते फोनले कसं समजी? अक्षरं आते सगळीकडे नीट दिसतस. गानं अक्षरमा लिखा.”

हेमकांतने वाद घालून पाहिला. बायकोचं बरोबर असलं की त्याला जास्तच राग येतो. तरी श्रावण लागायच्या आत त्याने गाणी टाइप केली, साइटची भाषा मराठी आहे हेही नव्या रीतीने नोंदवलं. कुरकुर तोंडाने चालूच होती.

कानबाईच्या सणाला घर भाऊबंदांनी भरलं होतं. नैवेद्याचे रोट भाजायला घेतले आणि हेमकांतचा फोन वाजला. तिकडून थेट एक थकलेला आवाज गायला लागला,

“कानबाई माय वं, फुला-सरला तुन्ह्या पोरी...”

हेमकांतने धावत जाऊन फोन आईच्या कानाला लावला. फुलवंताबाईने एक ओळ ऐकली आणि पुढची ओळ तिच्या तोंडून आपोआप निघाली. मग दोघी एकदमच हसायला लागल्या, एकदमच रडायला. चुलीवरचा रोट करपला. कोणाला त्याचं काही नव्हतं.

“कथी व्हती वं तू इतला साल?” फुलवंताबाईने डोळे पुसत विचारलं.

“मी सुरतमाच शे वं!” सरलाबाईचा आवाज घरभर ऐकू आला. “नातीनी फोन दिधा तैपासून दरसाल कानबाईले त्याले हाई गानं म्हनीसन इचारस. दरसाल म्हनस, सापडनं नहीं. आज सापडनं!”

फुलवंताबाईने फोन छातीशी धरला आणि मुलाकडे वळून बघितलं.

“हेमकांत, ती दरसाल दारशी येई ऱ्हायंती. तू मन्ही सरलाले फोटोमा कोंडी ठेयेल व्हतं रे!”