दोन मार्गदर्शकांचा प्रबंध

"आधी खारकर मॅडमची सही आण," वनस्पतिशास्त्राचे गुणे सर प्रबंध न उघडताच म्हणाले. "निम्मं समाजशास्त्रच आहे यात."

वरच्या मजल्यावर दुसऱ्या मार्गदर्शक, समाजशास्त्राच्या खारकर मॅडम म्हणाल्या, "छे गं, सगळी जलपर्णीच दिसतेय. आधी सरांची."

तलावातली जलपर्णी आणि तिच्यामुळे रिकामी निघणारी कोळ्यांची जाळी, यांत शाल्मलीची पाच वर्षं गेली होती. प्रबंध द्यायची मुदत आज पाचला संपत होती. जिना सहाव्यांदा उतरल्यावर ती सरळ खोटं बोलली.

"सर, मॅडम म्हणतात, हा प्रबंध तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे."

सरांनी ताबडतोब सही केली. मग सरांचंही तेच मत तिने वर जाऊन कळवलं. मॅडमची सही जास्त मोठी आली.

"एकाच दिवशी दोघांच्या सह्या?" कारकून म्हणाले. "बरंच जमतं की त्यांचं!"

"फारच," शाल्मली म्हणाली. "ते जिन्यात भेटायच्या आत पावती द्या."