दारामागची बॅग

दारामागच्या खुंटीला त्याची बॅग कायम भरलेली असायची. ब्लॉगपायी दोनदा तुरुंगाची हवा खाल्ल्यावर त्याने कानाला खडा लावला, लिहिणं सोडलं; बायकोने मात्र बॅग भरणं सोडलं नाही. थंडी आली की ती स्वेटर आत घालायची, उन्हाळ्यात काढायची. आज बेल वाजली. दारात दोन्ही वेळा त्याला घेऊन गेलेला तोच इन्स्पेक्टर, आता दमलेला. “आता काही लिहीत नाही हो,” म्हणत त्याने सवयीने बॅग उचलली. “ठाऊक आहे. तुम्ही बसा. तो टोपणनावाने चाललेला ब्लॉग वहिनींचा निघाला. चला, वहिनी.” त्याने बायकोकडे पाहिलं. “तुमचं गप्प बसणं बघवेना मला,” ती म्हणाली. त्याने घाईघाईने बॅग उघडली. त्याचे शर्ट, त्याच्या गोळ्या, दाढीचं सामान. तिचं काहीच नव्हतं. “स्वतःची भरायची राहूनच गेली.” तिने बॅगेतला त्याचा ढगळ स्वेटर चढवला; तो तिच्या बाह्या दुमडत राहिला.