विहिरीतली नळी

पाणी तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आनंदरावांना रोज ते पत्र आठवायचं. नत्थूजी सरपंचांनी दीड महिन्यापूर्वी लिहिलं होतं, ‘साहेब, तुम्ही लावून दिलेल्या आरओ मशीनले वर्ष होऊन राहिलं. गावाले तुमचा सत्कार कराचा आहे, तारीख कळवा. विहिरीचं पाणी आताशा खारट झालं, ढोरं तोंड लावत नाही. पण मशीनचं गोड आहे.’

मशीन त्या विहिरीचंच पाणी गाळायचं. गाळून उरलेलं खारं पाणी वाया जाऊ नये, म्हणून ते नळीनं परत विहिरीत सोडायला आनंदरावांनीच सांगितलं होतं. जन्मभर पुस्तकं वाचून एवढं सुचू नये, की गोड पाणी गाव पिऊन टाकतं आणि मीठ तेवढं विहिरीत परत जातं! खरं लिहावं तर गावात नाक कापलं जाणार, गप्प बसावं तर विहीर नासणार. शहरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये ते नुसत्या येरझारा घालत होते.

“काहून जी, सत्काराच्या हाराले एवढं भेता?” सिंधूताई नवऱ्याला हसल्या. “चार माणसांत बोलाचं म्हटलं की तुमची दातखीळ बसते. नाही जमत म्हणून लिहून टाका ना!”

त्याच दुपारी आनंदरावांनी पोस्टात जाऊन उत्तर टाकलं.

‘पत्र मिळताच नळी विहिरीतून काढा. सत्काराला मी नक्की येतो. सारं गाव जमलेलं असेल, तेव्हाच माझी चूक सगळ्यांना सांगता येईल.’