नावेचं लाकूड

अमूदर्या नदी आटल्यापासून आजोबांची नाव वाळूत पडून होती. नावाड्याच्या घरात नावेचं लाकूड जाळत नाहीत. पण पाहुणे आले, सरपण संपलं. आई म्हणाली, "नदीच नाही, तर कसली नाव? फोड गं, पेरिझात!"

मी वरच्या फळ्या फोडल्या, तंदूर पेटवला.

भिंतीवर त्याच नावेचा जुना फोटो आहे. सहलीची माणसं, वल्ह्यापाशी आजोबा, खरबुजं, हसू. आज त्यात सगळ्यांच्या कमरेपर्यंत पाणी होतं. एका बाईनं मांडीवरचं बाळ डोक्यावर धरलं होतं. आजोबा माझ्या हातातल्या गरम रोटीकडे बघत होते.

मी रोटी खाली ठेवली.

"तंदूर विझतोय गं! तळाच्या फळ्या आण!" आईनं हाक मारली.

पाहुण्यांदेखत नाही कसं म्हणू? मी फोटो भिंतीकडे वळवला, कुऱ्हाड उचलली.

मागे, भिंतीपाशी, बाळ रडायला लागलं.