शेजारचा प्रवासी

विमानात दारू चढलेल्या माणसाने हवाई सुंदरीला शिवी हासडली आणि तिच्या हातातला ट्रे उडवला.

"हे तुमच्यासोबत आहेत का?" तिने शेजारच्या बाईंना विचारलं.

"छे! मी नाही ओळखत."

तो आवरेना, तेव्हा वैमानिकाने विमान माघारी वळवलं. प्रवासी त्याच्या नावाने बोटं मोडत राहिले. उतरल्यावर पोलिसांनी त्याला ओढत नेलं.

"बसा ताई, निघतोच आपण परत," हवाई सुंदरी म्हणाली. पण बाई वरची बॅग काढत होत्या.

"भाऊ आहे तो माझा," त्या त्राग्याने म्हणाल्या. "आई हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजतेय. तिचं सगळं मी करते, पण तिला एकदा बघायचंय ते त्यालाच. एकटी जाऊन काय सांगू तिला?"