भूल

करिष्मानं आपल्या छोट्या कुत्र्याला, बिट्टूला, दात साफ करायला गेवराईला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. सोबत आई छबुबाई होती. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. "एक दात किडलाय. काढला तर चालेल ना?" करिष्मानं कागद वाचून सही केली.

तासाभरानं बिट्टू शुद्धीवर आला. छबुबाई त्याला मांडीवर उताणं घेऊन पोटावरचे केस बाजूला सारू लागली.

"आई, दात तोंडात अस्तेत. पोट कावून चाचपायलीस?"



"तू दोन वर्सांची व्हतीस. पोट दुखतंय म्हनून दवाखान्यात गेलते, मला बी असंच झोपवलतं. उठले तवा गर्भपिशवी काढल्याली व्हती. मला कुनी इचारलंच न्हाई."